छातीचा स्नायू पूर्वी दुखावलाय? भरतीच्या तयारीआधी एवढं बघा

पुणे : पोलीस भरतीच्या तयारीसाठी इंदापूर, दौंड, पुरंदर, भोरकडची बरीच मुलं पुणे शहरात राहतात. कुणाचा छातीचा स्नायू जोर काढताना, कुणाचा बेंच प्रेस मारताना दुखावलेला असतो. दुखणं थांबलं म्हणून जुन्याच वजनाला हात घातला, की तोच स्नायू पुन्हा दुखावण्याची भीती असते. दुखणं थांबणं वेगळं, ताकद परत येणं वेगळं.

दुखापत कशी होते?
छातीचा मोठा स्नायू छातीच्या मधल्या हाडापासून दंडाच्या हाडापर्यंत जातो. बेंच प्रेसमध्ये वजन खाली आणताना तो ताणलेला असतो आणि त्याच वेळी भारही पेलतो. स्नायू बहुतेकदा तेव्हाच फाटतो. भरतीत पुरुष उमेदवारांना ७.२६ किलोचा गोळा फेकावा लागतो, त्यातही या स्नायूवर जोर येतो.

आधी तपासणी
आरशासमोर दोन्ही हात कमरेवर दाबून उभे राहा. काखेच्या पुढची कड एका बाजूला बसलेली दिसते का? ढकलताना तो हात कमी पडतो का? दुखापतीवेळी ‘टक्’ आवाज येऊन दंड काळानिळा पडला होता का? यातलं काहीही असेल तर व्यायामाआधी ससूनसारख्या रुग्णालयात अस्थिरोग विभागात दाखवा. शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय वजन उचलू नका.

सुरुवात अशी करा
• आधी भिंतीला हात टेकून जोर, मग टेबलावर, मग गुडघे टेकून, शेवटी जमिनीवर.
• १०-१५ च्या दोन खेपा, एक दिवसाआड. एका पायरीवर किमान आठवडा.
• दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलं, तर एक पायरी मागे या.
• बेंच प्रेस आणि गोळा सगळ्यात शेवटी. आधी हलकं वजन घ्या, पकड फार रुंद नको, कोपर छातीच्या खाली जाऊ देऊ नका.

तोवर दुखत नसेल तर १६०० मीटरचा सराव चालू ठेवा. जुनी दुखापत वस्तादांना किंवा प्रशिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगा.

महत्त्वाचं : छातीत दाब, घाम, धाप, हातात किंवा जबड्यात कळ, असं काही झालं तर स्नायूचं दुखणं समजून शेकत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा.