चूक कुणाच्या पदरात?

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पेढीवर नव्या वहीला हळदकुंकू लागते. पण त्याआधी जुन्या वहीचा मेळ बसावा लागतो. मेळ बसेना म्हणजे मुनीमजींच्या तोंडचे पाणी पळते. जमिनीच्या मोजणीतही अशीच एक वही असते आणि तिचा मेळ सहसा बसतच नाही. त्या न बसणाऱ्या मेळाची ही कथा आहे. तिची सुरुवात मात्र आमच्या घरच्या ओसरीवर झाली.

मी तेव्हा स्थापत्याच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला होतो. दिवाळीच्या सुटीत घरी आलो, तर आप्पा आणि तात्याकाका यांच्यात वाटणीची बोलणी चाललेली. सरकारी मोजणी व्हायची तेव्हा होईल, तोवर अंदाज तरी घ्यावा, असे ठरले. मी लगेच पुढे झालो. एका मित्राकडून होकायंत्र आणि साखळी आणली आणि दोन चुलतभावांना हाताशी घेऊन शेताला वळसा घातला. रीत सोपी असते. एका कोपऱ्यावर उभे राहायचे, पुढच्या कोपऱ्याची दिशा होकायंत्रावर वाचायची, अंतर साखळीने मोजायचे आणि पुढे सरकायचे. असे करीत पुन्हा पहिल्या कोपऱ्यावर यायचे. याला ट्रॅव्हर्स म्हणतात.

रात्री कंदिलाशी बसून नकाशा काढला. शेतात मी जिथून निघालो तिथेच परत आलो होतो. कागदावर मात्र शेवटची रेघ पहिल्या खुणेपासून दोन हात अलीकडेच थांबली! मी इकडेतिकडे पाहिले, शेवटच्या बाजूचा आकडा खोडला आणि रेघ ओढून खुणेला भिडवली. नकाशा कसा देखणा दिसू लागला.

आप्पांनी जन्मभर हिशेब लिहिलेले. त्यांची नजर नेमकी खाडाखोडीवर गेली.

"हा आकडा का खोडलास रे?"

"मेळ बसत नव्हता, म्हणून जुळवला."

"शेवटी मोजली म्हणून तीच बाजू चुकली, असं कुणी सांगितलं तुला? आणि ती बाजू तात्याच्या वाट्याची आहे, हे ध्यानात आलं का?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढे वाचनात आले, की नेमका हाच प्रश्न १८०८ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात एका गणिताच्या मासिकात विचारला गेला होता, आणि तोही बक्षीस लावून.

मासिकाचे नाव 'द ॲनॅलिस्ट'. त्याचे संपादक रॉबर्ट एड्रेन हे मूळचे आयर्लंडचे. तिथल्या १७९८च्या उठावात जखमी होऊन ते अमेरिकेत पळून आले आणि शाळामास्तरकी करू लागले. प्रश्न विचारणारे रॉबर्ट पॅटर्सन हेही आयरिशच. ते गणिताचे प्राध्यापक होते आणि अमेरिकेच्या सरकारी टांकसाळीचे संचालकही. त्यांनी पाच बाजूंच्या एका पट्ट्याची मापे दिली. पहिली बाजू थेट ईशान्येला ४० पर्च, मग २५, ३६, २९.६ आणि शेवटची ३१. पर्च म्हणजे साडेसोळा फूट. आपल्याकडच्या जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, म्हणजे बरोबर दोन पर्चांची. त्या साखळीचा चौरस म्हणजे आपला गुंठा. तेव्हा एका गुंठ्यात चार चौरस पर्च बसतात. इंग्रजी मापाचे हे नाते फिलाडेल्फियाच्या शेतापासून आपल्या सातबाऱ्यापर्यंत पोचलेले आहे.

आता मेळ कसा पाहायचा? प्रत्येक बाजूचे दोन भाग पाडायचे: ती उत्तर-दक्षिण किती गेली आणि पूर्व-पश्चिम किती गेली. फिरून मूळ जागी यायचे असेल, तर जितके उत्तरेला गेलो तितकेच दक्षिणेला आले पाहिजे, पूर्व-पश्चिमेचेही तसेच. हा जमाखर्चच झाला. पॅटर्सनच्या पट्ट्यात दक्षिणेची बाजू एक दशांश पर्चाने जड झाली आणि पश्चिमेची त्याहून थोड्या कमीने. १६१.६ पर्चांचा, म्हणजे जवळजवळ २६६६ फुटांचा फेरा मारून कागदावर सुमारे दोन फुटांची फट राहिली. पॅटर्सनना विचारायचे होते ते असे: अशी चूक प्रत्यक्ष मोजणीत बहुधा होणारच, मग ती कशी झाली असण्याचा संभव सर्वांत अधिक, हे धरून क्षेत्रफळ काढा. बक्षीस दहा डॉलरचे.

दोन फुटांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कुणी म्हणेल. मी एकदा गंमत म्हणून तो पट्टा निरनिराळ्या तऱ्हांनी मोजून पाहिला. सारी चूक चौथ्या बाजूच्या माथी मारली, तर क्षेत्र ८५३.४ चौरस पर्च येते. तीच चूक शेवटच्या बाजूवर ढकलली, तर ८५५.४ येते. मापे तीच आणि चूकही तीच. फक्त ती कुणाच्या पदरात टाकली यावर अर्धा गुंठा इकडचा तिकडे झाला! अर्ध्या गुंठ्यावरून भाऊ भावाशी बोलेनासा झाल्याची उदाहरणे आपल्या प्रत्येक गावात सापडतील.

बक्षीस मिळाले ते नॅथॅनिएल बाउडिच यांना. सेलमच्या एका पिंपे बनवणाऱ्याचा हा मुलगा. दहाव्या वर्षी त्याची शाळा सुटली आणि बाराव्या वर्षी तो जहाजाचे सामान विकणाऱ्या दुकानात उमेदवारीला लागला. न्यूटनचा ग्रंथ वाचायचा म्हणून तो आपला आपण लॅटिन शिकला. पुढे जहाजावर गेला आणि खलाशांच्या कोष्टकांतल्या हजारो चुका त्याने दुरुस्त केल्या. चुकीशी त्याची अशी जुनी ओळख होती.

बाउडिच यांनी सांगितलेला नियम शाळकरी पोरालाही समजावा असा आहे. एकूण चूक सगळ्या बाजूंना त्यांच्या लांबीच्या प्रमाणात वाटून द्यायची; उत्तर-दक्षिणेची निराळी आणि पूर्व-पश्चिमेची निराळी. जास्त लांब चाललो तिथे साखळी जास्त वेळा टाकली, म्हणजे चुकायची संधीही जास्त. पॅटर्सनच्या ४० पर्चांच्या बाजूला त्या फटीतले सहा इंच येतात, २५ पर्चांच्या बाजूला चार. मग प्रत्येक कोपऱ्यातून एका उत्तर-दक्षिण रेषेवर लंब टाकून मधल्या तुकड्यांची बेरीज-वजाबाकी केली, की क्षेत्र निघते: ८५४.६ चौरस पर्च. आपल्या भाषेत ५ एकर आणि पावणेचौदा गुंठ्यांच्या आसपास.

एड्रेन यांनीही त्या प्रश्नावर आपले उत्तर छापले. लहान चुका वारंवार घडतात आणि मोठ्या क्वचित, हे त्यांनी एका सूत्रात बसवले. पुढच्याच वर्षी, १८०९ साली, थोर गणिती गाउस यांनी तेच सूत्र युरोपात प्रसिद्ध केले आणि ते त्यांच्याच नावाने चालू झाले. एड्रेन यांच्या लेखाकडे विद्वानांचे लक्ष गेले ते थेट १८७१ साली. एका शेताच्या दोन फुटांच्या फटीतून केवढे शास्त्र बाहेर पडले!

मात्र एक पथ्य आहे. वाटून घ्यायची ती लहान, अटळ चूक. साखळी टाकायची एक खेप मोजायचीच राहिली, किंवा जवळच्या कुदळीमुळे होकायंत्राची सुई भलतीकडे वळली, तर ती घोडचूक. तिला वाटप नाही. तिथे पुन्हा शेतात जावे लागते. आज उपग्रहांच्या साहाय्याने मोजणी होते, तरी निरीक्षणे तंतोतंत जुळत नाहीत. राहिलेला फरक रीतसर वाटावा लागतो. आकडा खोडून चालत नाही.

त्या रात्री मला यातले काही ठाऊक नव्हते. आप्पांनी कोरा कागद पुढे केला आणि म्हणाले, "सगळा फेरा मिळून चूक झालीय ना? मग सगळ्यांनी मिळून घ्या. लांब बाजूनं जास्त, आखूड बाजूनं कमी." बाउडिचचे नावही त्यांनी ऐकलेले नव्हते.

सकाळी फराळाच्या ताटाशेजारी मी दोन्ही नकाशे तात्याकाकांपुढे ठेवले, खाडाखोडीचासुद्धा. त्यांनी तो जरा वेळ निरखला, चकलीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "हा नको. दुसरा राहू दे."

खाडाखोडीचा तो कागद अजून माझ्या पेटीत आहे.