वडिलांची टॅक्सी आणि वेस्लेकचं हेड

माझ्याकडे अ‍ॅम्बेसेडरची दोन सिलिंडर हेड आहेत. एक भंगारातून आणलेलं, कुणी हात न लावलेलं. दुसरं मी १९८८ साली बिघडवलेलं. वडिलांची टॅक्सी होती. कार्बन काढायला हेड उतरवलं होतं, तेव्हा ‘इंजिनाला मोकळा श्वास हवा’ या ऐकीव ज्ञानावर मी ग्राइंडरने इनलेट पोर्ट रुंद केले आणि आरशासारखे चकाकवले. पुढे गाडी घाटात पूर्वीसारखी ओढेना. वडिलांनी उधारीवर दुसरं हेड घेतलं, पण मला एका शब्दाने बोलले नाहीत.

ते हेड मुळात कुणी आखलं, हे शोधण्यात माझी बरीच वर्षं गेली. १९५९ पासून अ‍ॅम्बेसेडरला ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी सिरीज’चं १४८९ सीसी इंजिन होतं. त्यातला बदामाच्या आकाराचा ज्वलनकक्ष हॅरी वेस्लेकचा. १८९७ साली एक्सेटरला जन्मलेल्या या माणसाने हेडमधून हवा सोडून ती मोजायचा ध्यास घेतला होता. १९३५च्या एसएस जॅग्वारसाठी विल्यम लायन्सने त्याच्याकडे स्टँडर्ड कंपनीचं २६६३ सीसी इंजिन सोपवलं, ते ७०च्या आसपास अश्वशक्ती देत होतं. लायन्सला ९५ हवी होती. वेस्लेकच्या नव्या हेडने १००चा आकडा ओलांडला. क्षमता तेवढीच राहिली, बदलला तो हवेचा मार्ग.

हे वाचल्यावर मी घरीच मोजणी मांडली. प्लायवुडचं हवाबंद खोकं, त्यावर हेड, आणि ओढायला जुना व्हॅक्यूम क्लीनर. गवंडी लेव्हलसाठी वापरतात ती पारदर्शक नळी यू आकारात लावून तिच्यात शाईचं पाणी भरलं. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज इतकं खाली येतं की ओढ कधी सारखी राहत नाही. म्हणून हेडनंतर त्याच वाटेत माहीत व्यासाचं एक भोक ठेवलं आणि दोन्ही ठिकाणचा दाबातला फरक वेगवेगळा वाचला. दोन्हींतून जाणारी हवा तीच आणि प्रवाह दाबफरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. हेडवर १६ इंच पाणी आणि भोकावर ९ इंच आलं, तर हेड त्या भोकाच्या तीन चतुर्थांश. व्होल्टेज गणितातून बाहेर!

व्हॉल्व्ह एकेक मिलिमीटर उचलत गेलो. व्यासाच्या चौथ्या हिश्शाएवढा उचलला की कडेची फट व्हॉल्व्हच्या क्षेत्रफळाइतकी होते. ३६ मिलिमीटरच्या व्हॉल्व्हला ९ मिलिमीटर. त्याच्या आत सगळी अडवणूक सीटपाशी असते. माझी चकाकी तिथे पोचलीच नव्हती.

बिघडवलेलं हेड मोजलं तेव्हा मी चक्रावलो. ते वाईट नव्हतं, पूर्ण उचलीला दोन्ही जवळजवळ सारखीच. मग मी डॉक्टरी सिरिंजने पोर्टमध्ये रॉकेल भरून पाहिलं. माझ्या पोर्टात ते बरंच जास्त मावलं. भोक मोठं आणि हवा तेवढीच, म्हणजे वेग कमी. शिवाय या इंजिनात चार सिलिंडरना इनलेट पोर्ट दोनच, जोडीने वाटून घेतलेले. कमी फेऱ्यांवर, चढावर, हवेच्या वेगाचाच आधार असतो आणि तोच मी घालवला होता. अर्थात व्हॅक्यूम क्लीनर अखंड ओढतो आणि इंजिन झटक्याने, म्हणून घाटातलं दुखणं माझ्या खोक्यावर थेट दिसत नाही, ते रॉकेलच्या मापातूनच ओळखावं लागलं.

न बिघडलेल्या हेडवर मग मी पोर्टाला हातच लावला नाही. ४५ अंशांच्या सीटच्या वर ३० आणि खाली ६० अंशांचे काप मेस्त्रींकडून घेतले, गाइडलगतची ओतकामाची धार कानशीने मोडली. कमी उचलीवरचं पाणी ताबडतोब हललं. मेस्त्री म्हणाले, “एवढंच?” रुंद पोर्टाचं हेड अजून बाकाखाली आहे. वडिलांनी त्याची उधारी सात महिने फेडली.