तुमच्या ब्रँडच्या नावावर दुसऱ्याची जाहिरात: कायदा काय सांगतो?

समजा, वर्ध्याच्या एका दुकानदाराने वायगाव हळदीचा स्वतःचा ब्रँड काढला. गूगलवर त्याचं नाव टाकलं, तर वर जाहिरात दिसते स्पर्धकाची! हे चालतं का, असं मला बरेच जण विचारतात.

जाहिरात कोणत्या शोधशब्दावर दिसावी, ते कीवर्ड ठरवतो. ट्रेडमार्क कीवर्ड म्हणून घ्यायला गूगल अडवत नाही; जाहिरातीच्या मजकुरात तो आला, तर मालकाच्या तक्रारीवरून रोखू शकतं.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शादी.कॉमचं नाव दुसऱ्या साइटच्या मेटाटॅगमध्ये वापरायला मनाई केली. अग्रवाल पॅकर्सच्या वादात दिल्ली उच्च न्यायालय १० ऑगस्ट २०२३ रोजी म्हणालं: कीवर्ड हाही ट्रेडमार्कचा वापरच, पण ग्राहकाची फसगत किंवा ब्रँडच्या नावलौकिकाचा गैरफायदा नसेल, तर तेवढ्याने उल्लंघन होत नाही. उल्लंघन झालंच, तर गूगलही मध्यस्थ म्हणून हात झटकू शकत नाही.

म्हणून माझा सल्ला: ‘वायगाव हळद’ हे भौगोलिक मानांकन आहे, एकट्याचं नाव नव्हे. आपलं वेगळं नाव ठेवा, ते नोंदवा आणि तारखेसह स्क्रीनशॉट जपून ठेवा. तक्रार करताना तेच कामी येतात.