सुटे भाग

सिंथेसायझरचा इतिहास सांगणारे बहुतेकजण १९६४पासून सुरुवात करतात. त्या वर्षी रॉबर्ट मोग यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रुमन्सबर्ग या लहानशा गावात आपलं पहिलं मॉड्युलर यंत्र उभं केलं आणि शरद ऋतूत ध्वनिअभियंत्यांच्या संमेलनात ते मांडलं. मला मात्र हा इतिहास पंधरा वर्षं मागे जाऊन सांगावासा वाटतो, कारण त्याची खरी सुरुवात छापील कागदावर झाली. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारा चौदा वर्षांचा मोग हौशी मंडळींसाठीच्या एका मासिकात आलेला आराखडा पाहून थेरेमिन बनवतो. मासिक वाचून वाद्य तयार होतं! आम्ही साहित्यवाले वाचकाच्या सहनिर्मितीबद्दल बरंच बोलतो. इथे वाचकाच्या बोटाला चटका बसतो आणि सहनिर्मितीतून आवाज येतो.

थेरेमिन हे विसाव्या शतकातलं सगळ्यात विचित्र वाद्य असावं. रशियन शास्त्रज्ञ लेव तेरमेन यांनी ते १९२०च्या सुमारास शोधलं. त्याला हात लावायचा नसतो. पेटीतून निघालेल्या दोन अँटेनांच्या जवळ-दूर हात हलवायचे. एका हाताने स्वर बदलतो, दुसऱ्याने आवाज लहानमोठा होतो. आत दोन ऑसिलेटर असतात, दोन्ही कानाला ऐकू न येणाऱ्या रेडिओ-वारंवारतेवर चालणारे. हात जवळ गेला की त्यातल्या एकाची वारंवारता किंचित सरकते, आणि दोघांमधला फरक आपल्याला स्वर म्हणून ऐकू येतो. पट्ट्या नाहीत, पडदे नाहीत, तारा नाहीत. एका स्वरावरून दुसऱ्यावर जायचं तर मधल्या सगळ्या जागांवरून जावं लागतं. आपल्याकडच्या कुणी ते पहिल्यांदा ऐकलं तर म्हणेल, ही तर नुसती मींडच आहे.

आरसीए कंपनीने १९२९ साली हे वाद्य बाजारात आणलं, जेमतेम पाचशे नग बनवले आणि विषय सोडून दिला. वाद्य महाग होतं, वाजवायला अवघड होतं, आणि त्यात मंदी आली. ते टिकलं हौशी लोकांच्या आराखड्यांमुळे. मोग यांनी १९५४ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, थेरेमिनवर स्वतः लेख लिहिला आणि वडिलांच्या साथीने छोटा धंदा सुरू केला. मग १९६१ साली ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या थेरेमिनवर दुसरा लेख आला. या वेळी सोबत सुट्या भागांचं किट होतं, किंमत सुमारे पन्नास डॉलर. अशी जवळजवळ हजार किट विकली गेली. कॉर्नेल विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा आकडा मोठा होता. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की हजार घरांत कुणीतरी ते भाग जोडले, आणि वाद्याच्या पोटात काय असतं ते त्यांना कळलं. संगीतकार हर्बर्ट डॉइच हे अशा जोडणाऱ्यांपैकीच. १९६३ साली संगीतशिक्षकांच्या एका अधिवेशनात त्यांची मोग यांच्याशी गाठ पडली, तेव्हा बोलायला विषय आधीच तयार होता. पुढच्या वर्षीचं यंत्र त्या बोलण्यातून घडलं.

त्या यंत्राची मुख्य कल्पना सांगायला एक वाक्य पुरतं: प्रत्येक गोष्ट विजेच्या दाबाने हलवायची. एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक वर जातो. त्यामुळे लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे व्होल्टचा बारावा हिस्सा. परंतु हा व्होल्ट कुठून येतो याच्याशी ऑसिलेटरला काही देणंघेणं नसतं. तो कीबोर्डमधून येईल, बोट सरकवायच्या पट्टीतून येईल, दुसऱ्या ऑसिलेटरमधूनही येईल. दाब हा अखंड असतो. तो सव्वा असतो, सव्वाहून एका केसाने जास्तही असतो. त्याच काळात कॅलिफोर्नियात डॉन बुक्ला यांनी यंत्राला पियानोसारखा कीबोर्ड लावायचंच नाकारलं. बोटांचा स्पर्श ओळखणाऱ्या धातूच्या पट्ट्या दिल्या, आणि त्यांना काय वाजवायला लावायचं ते वाजवणाऱ्यावर सोडलं. नव्या यंत्राला जुन्या वाद्याचं तोंड चिकटवलं की लोक त्यावर जुनंच संगीत वाजवतात, हा त्यांचा आक्षेप. तो पुढे खराही ठरला. लोकांच्या लक्षात राहिला तो १९६८चा वेंडी कार्लोस यांचा मोगवर वाजवलेला बाख.

सत्तरच्या दशकात हे ज्ञान ज्या वाटांनी पसरलं, त्या वाटा मला फार आवडतात. कॉर्नेलच्याच इथाका गावातून १९७२ साली बर्नी हचिन्स यांनी ‘इलेक्ट्रोनोट्स’ हे वार्तापत्र सुरू केलं. त्यात गणितासकट सर्किट असत आणि वाचक आपापल्या सुधारणा कळवत. ओक्लाहोमात जॉन सायमंटन यांची पाया ही कंपनी टपालाने किट पाठवी. कॅलिफोर्नियातल्या कलाशाळेत सर्ज चेरेपनिन शिकवत, आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी मिळून आपली यंत्रं स्वतः जोडली, कारण तयार यंत्र त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं. १९७५ साली क्रेग अँडरटन यांचं पुस्तक आलं, ज्यात गिटार वाजवणाऱ्या अडाण्यालाही सोल्डरिंग कसं करायचं ते पहिल्यापासून सांगितलं होतं. हे सगळं लेखन मी अनुवादकाच्या नजरेने वाचते आणि मला हेवा वाटतो. त्यात एकही शब्द दिखाव्याचा नाही. चुकीचा शब्द पडला तर वाचकाच्या टेबलावर धूर निघणार, हे लेखकाला ठाऊक आहे.

आता आपल्याकडे येऊ. १९४६ साली अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या होत्या. तिथे त्यांनी जॉन केजना भारतीय संगीत शिकवलं आणि बदल्यात त्यांच्याकडून काउंटरपॉइंट शिकून घेतलं. तेवीस वर्षांनी, १९६९च्या शरदात, केज यांचे सहकारी डेव्हिड ट्यूडर अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आले आणि त्यांनी तिथे मोग सिंथेसायझर आणि टेप मशीनं असलेला स्टुडिओ लावून दिला. देशातला अशा प्रकारचा तो पहिला स्टुडिओ. गीताबेन, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा अशा मंडळींनी तिथे रचना केल्या. १९७२च्या सुमारास काम थांबलं. टेपा संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. लंडनचे कलावंत-संशोधक पॉल पर्गस यांनी त्या शोधून काढल्या, आणि २०२३ साली त्यांतला निवडक भाग प्रसिद्ध झाला, म्हणजे पन्नास वर्षांनी.

ही हकिकत सहसा हरवलेल्या खजिन्यासारखी सांगितली जाते. मला तिच्यात दुसरंच काही खुपतं. अहमदाबादला यंत्र आलं ते अख्खं, तयार, पेटीबंद. ट्रुमन्सबर्गच्या मागे होती हजार किटं, मासिकं, वार्तापत्रं, गॅरेजमध्ये बसणारी पोरं. त्यातलं काही या यंत्रासोबत आलं नाही, येणं शक्यही नव्हतं. आयात परवान्यांच्या त्या काळात साधा सुटा भागही सहज मिळत नसे. एका भाषेतला एकच महाग ग्रंथ काचेच्या कपाटात ठेवावा आणि शब्दकोश, व्याकरण, बाराखडी यांतलं काहीच गावात नसावं, तसं झालं. त्या चारपाच जणांनी त्या ग्रंथातून जे वाचून काढलं ते थोर आहे. पण ते गेल्यावर तिथे वाचणारं दुसरं कुणी तयार झालेलं नव्हतं.

म्हणून भारतीय सिंथेसायझरची मुळं शोधायची झाली तर मी अहमदाबादला जाणार नाही, बंगळुरूला जाईन. १९७९ साली तिथल्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा बनवला. ते अभियंते आणि बासरीवादक. गरज स्वतःची, औजारही स्वतःचं. या पेटीकडे कुणी सिंथेसायझर म्हणून बघत नाही, पण ती दुसरं काय आहे? आत ऑसिलेटर, बाहेर स्वर बारीक लावायची खुंटी. ती खुंटी मला महत्त्वाची वाटते. पट्टी निवडली तरी गळ्याला हवा तो सा दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी असतो, हे बनवणाऱ्याला माहीत होतं. जवारीचा झंकार तीत पुरता उतरला नाही, आणि त्या पेटीने, पुढे फोनमधल्या तानपुऱ्याने, मिरजेच्या कारागिरांच्या पोटावर पाय आणला, हेही खरंच. मंगळवेढा-पंढरपूरकडच्या भोपळ्यांपासून तानपुरा घडायला महिने लागतात. पेटी पिशवीत मावते. मी दोन्हीकडून बोलते आहे याची मला कल्पना आहे. दोन्हीकडून बोलल्याशिवाय इथे खरं बोलता येत नाही.

मग आलं मिडी. १९८१ साली डेव्ह स्मिथ यांनी वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावं अशी योजना मांडली. जपानमधल्या रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी आणि इतर काही उत्पादक त्यात आले, आणि जानेवारी १९८३मध्ये दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्यं एका तारेने जोडून दाखवली गेली. एकावर पट्टी दाबली, दुसरं वाजलं. या भाषेवर कुणी मालकी सांगितली नाही की वापराचे पैसे मागितले नाहीत. ती मुद्दाम स्वस्त ठेवली: पाच टाचण्यांचा साधा सॉकेट आणि सेकंदाला ३१,२५० बिटांचा वेग. हा चमत्कारिक आकडा म्हणजे दहा लाखांचा बत्तिसावा भाग, जो त्या काळच्या स्वस्त चिपला भागाकाराने सहज काढता येई. घरी बसून वाद्य जोडणाऱ्यांवर याहून मोठे उपकार क्वचितच कुणी केले असतील.

पण प्रत्येक संपर्कभाषेप्रमाणे हिनेही काय मोजायचं ते आधीच ठरवून टाकलं. मिडीत स्वराला क्रमांक असतो, ० ते १२७. मधला सी म्हणजे ६०, त्याच्या पुढची पट्टी ६१. साठ आणि एकसष्टच्या मध्ये काही नाही. मोग यांच्या व्होल्टला जे सहज जमत होतं ते इथे अपवाद म्हणून करावं लागतं. ‘पिच बेंड’ नावाचा वेगळा संदेश आहे, त्याच्या १६,३८४ पायऱ्या आहेत, म्हणजे बारकाव्याची कमतरता नाही. पण तो पूर्ण वाहिनीला एकदम वाकवतो, एकेका स्वराला नाही. प्रत्येक स्वराला स्वतंत्र वाहिनी देऊन वाकवायची सोय प्रमाणित व्हायला २०१८ उजाडलं.

हे भांडण मराठी माणसाला नवं नाही. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१०मध्येच बावीस श्रुतींचा हिशेब मांडला होता, आणि पेटीच्या बारा पट्ट्यांत राग बसत नाही म्हणून श्रुतींची पेटी घडवण्याचे प्रयत्न झाले. आकाशवाणीने १९४०पासून १९७१पर्यंत पेटीला दारातच अडवलं. आणि तरीही आमच्या गायिका आपला सा ‘काळी पाच’ म्हणून सांगतात! सा सांगायला कीबोर्डची भाषा, पुढचं सगळं गळ्याचं. ही तडजोड कुणी समिती भरवून ठरवलेली नाही, आणि मला ती मिडीच्या तपशीलपत्रापेक्षा शहाणी वाटते.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर फिरलात तर या तडजोडीचे सुटे भाग आज कुणालाही मिळतात. इटलीतल्या इव्रेआत २००५ साली जन्मलेला आर्डुइनो बोर्ड, बोट फिरवली की रोध बदलणारी मऊ पट्टी, मिडी सॉकेट आणि संदेश बाहेर पाठवायला २२० ओहमचे दोन रेझिस्टर. मी जोडलेल्या पेटीला कीबोर्ड नाही. बोट टेकलं की ती ५८ हा क्रमांक पाठवते, म्हणजे माझी काळी पाच, आणि त्यानंतर बोट जिथे सरकेल तिथपर्यंत त्याला वाकवत राहते. समोरच्या सिंथेसायझरला दोन्ही बाजूंना एकेक सप्तक वाकायची परवानगी आधी देऊन ठेवावी लागते. बोर्ड पट्टीची लांबी १,०२४ पायऱ्यांत मोजतो. दोन सप्तकांत वाटल्या तर दोन लगतच्या पट्ट्यांमध्ये बेचाळीसहून थोड्या जास्त पायऱ्या येतात, आणि सगळ्यात बारीक श्रुतीचं अंतरही यातल्या आठ-नऊ पायऱ्यांइतकं भरतं. दरबारीचा कोमल गंधार झुलवायला एवढं पुरतं. पट्टीवर मी स्केचपेनने मधला सा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे पंचम एवढ्याच खुणा केल्या आहेत.