पोवळ्याच्या घरचा पाहुणा

पोवळे म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना अंगठीतला मंगळाचा तांबडा खडा आठवतो. आज सांगावयाचे आहे ते त्याच्या दूरच्या भाऊबंदांविषयी. उष्ण कटिबंधातील उथळ समुद्रात चुन्याचे प्रचंड खडक उभारणारे हे इवलेसे प्राणी.

१९२८ च्या जुलै महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड किनाऱ्याजवळील लो आयलंड्स या चिमुकल्या बेटांवर ब्रिटिश शास्त्रज्ञांची एक तुकडी येऊन राहिली. तिचे नेते मॉरिस यंग अवघे २८ वर्षांचे होते. त्यांच्या पत्नी मॅटी या तुकडीच्या डॉक्टर. ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळभित्तीचा त्यांनी वर्षभर कसून अभ्यास केला. पोवळ्याच्या पेशींत सूक्ष्म शैवल वस्तीला असते, हे तेव्हा ठाऊक होते. पण हा पाहुणा यजमानाच्या कोणत्या उपयोगी पडतो, याविषयी एकमत नव्हते. पाणी फार तापले की पोवळे या शैवलाला अंगाबाहेर टाकते, असे यंग व निकोल्स यांनी १९३१ साली दाखवून दिले. शैवल गेले की रंगही जातो आणि पोवळे पांढरेफटक दिसू लागते.

शैवल केवळ त्याज्य द्रव्ये शोषून घेते, पोवळ्याचे पोट मात्र शिकारीवर चालते, असे यंग यांचे मत होते. पुढे किरणोत्सर्गी कार्बनाच्या प्रयोगांनी ते मागे पडले. शैवल उन्हात तयार केलेले अन्न यजमानाला पुरविते. म्हणजे पाहुणाच घर चालवीत होता! अनुमान ढळले, निरीक्षण मात्र टिकले. आणि १९९८, २००२, २०१६, २०१७ या वर्षी मैलोगणती पोवळी पांढरी पडली तेव्हा त्याचे मोल कळले.

मग पोवळ्याला काही तोड काढता येते काय? येते. केपेल बेटांजवळची पोवळी संशोधकांनी उत्तरेकडील मॅग्नेटिक आयलंडच्या अधिक उष्ण पाण्यात नेऊन ठेविली. उन्हाळ्यात ती फिकी पडली. जी सावरली, त्यांच्या अंगी आता ऊन सोसणाऱ्या दुसऱ्या जातीच्या शैवलाचे प्राबल्य होते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात त्यांची सहनशक्ती एक ते दीड अंश सेल्सिअसने वाढलेली आढळली. पण हा नवा पाहुणा हाताचा जरा आखडताच. त्याच्या संगतीत पोवळ्याची वाढ मंदावते.

आणि वाढीवर दुसरीकडूनही घाला पडला आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइड समुद्रात मुरून पाणी आम्लतेकडे झुकते, आणि सांगाडा रचण्यास लागणारे कार्बोनेट दुर्मिळ होते. २०१४ साली वन ट्री आयलंड येथील प्रवाळभित्तीवरून वाहणाऱ्या पाण्यात अल्कली मिसळून त्याचे रसायन कारखानदारीच्या पूर्वकाळासारखे केले गेले, तेव्हा चुना साठण्याचा वेग सुमारे ७ टक्क्यांनी वाढला.

२०१९ साली शास्त्रज्ञ पुन्हा लो आयलंड्सच्या नोंदी पडताळू लागले. वादळे व किनाऱ्याचा गाळ यांचाही हात असल्याने सारा दोष उष्णतेला देता येत नाही. परंतु यंगांच्या तुकडीने वर्णिलेली भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील वस्ती पार पालटली होती, आणि ती पूर्ववत होण्याची चिन्हे फार थोडी होती.