पहिला घास

इतिहास म्हटला की आमच्या धाराशिव जिल्ह्यातला माणूस नळदुर्गाच्या बुरुजाकडे नाही तर परंड्याच्या तोफांकडे बोट दाखवतो. शाळेत मीही वर्षानुवर्षे तेच करीत आलो आहे. सनावळ्या, तह, वेढे. पण प्रत्येक घरात एक वेढा असा पडतो की ज्याची बखर कोणी लिहिली नाही. पाच-सहा महिन्यांचे लेकरू ओठ घट्ट मिटून बसलेले असते. समोर आई, आजी, आत्या आणि शेजारच्या दोघीजणी वाटी-चमचा घेऊन ठाण मांडून असतात. काऊ येतो, चिऊ येते, चांदोमामा दिवसाढवळ्या उगवतो. किल्ला काही केल्या पडत नाही. पडलाच, तर आत गेलेला घास जिभेवर बसून पुन्हा बाहेर येतो आणि हनुवटीवरून अंगड्यावर उतरतो.

या लढाईचा आरंभ ज्या विधीने होतो त्याला आपण ‘उष्टावण’ म्हणतो. शब्द मोठा गमतीचा आहे. एरवी उष्टे म्हणजे टाकून द्यायचे, बाजूला सारायचे. इथे मात्र तोंड पहिल्यांदा उष्टे झाले म्हणून पेढे वाटतात. संस्कृतातले नाव अन्नप्राशन. सोळा संस्कारांतला हा एक. बंगाल्यांकडे त्यालाच ‘मुखेभात’ म्हणतात. केरळात ‘चोरूणु’ म्हणतात आणि पुष्कळ लोक त्यासाठी मूल घेऊन गुरुवायूरच्या देवळात जातात. बंगाल्यांकडे पहिला घास भरवण्याचा मान बहुधा मामाचा, आणि आपल्याकडेही मामाचाच. आईच्या माहेरचा माणूस चांदीची वाटी घेऊन यायचा आणि भाच्याच्या जिभेला खीर लावायची. मामा मंडळींनी हे लक्षात ठेवावे!

महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा दुसरा खंड १९४१ साली निघाला. त्यात या संस्काराची सगळी वचने गोळा केलेली आहेत. मी मॅट्रिक झालेला मास्तर. त्या ग्रंथाच्या वाटेला जायची माझी प्राज्ञा नव्हती. पण कादंबरी लिहिणाऱ्याला नसती चौकशी करण्याची खोड असते. त्या खोडीपायी समजले ते असे, की आपले पूर्वज या बाबतीत आपल्याला वाटतात तितके सात्त्विक नव्हते. आश्वलायनाच्या गृह्यसूत्रात सहाव्या महिन्यात बाळाला काय द्यावे याचे पर्याय आहेत. अन्नाची समृद्धी हवी तर बोकडाचे मांस, ब्रह्मतेज हवे तर तित्तिर पक्ष्याचे, आणि तेज हवे तर तूपभात. पारस्कर त्याच्याही पुढे जातो. मुलाचे बोलणे अस्खलित व्हावे म्हणून भारद्वाज पक्ष्याचे मांस, चपळ व्हावे म्हणून मासे. पुढे काळ पालटला, मांस गेले आणि खीर राहिली. शास्त्राने मुलग्याला सहावा, आठवा असा सम महिना आणि मुलीला पाचवा, सातवा असा विषम महिना लावून दिला. मुलीला महिनाभर आधी घास मिळाला म्हणजे तिला झुकते माप मिळाले असे कोणी समजू नये. तसे असते तर मग काय हवे होते!

वैद्यांचे लक्ष मात्र मुहूर्तापेक्षा पोटाकडे होते. सुश्रुत सहाव्या महिन्यात हलके आणि हितकर अन्न द्यायला सांगतो. बालरोगांवरचा जुना ग्रंथ काश्यपसंहिता. त्यात आणखी बारकावा आहे. सहाव्या महिन्यात आधी फळे, आणि धान्याचे अन्न दात आल्यावर किंवा दहाव्या महिन्यात. वाग्भटाने स्तनपान सुटणाऱ्या मुलासाठी चक्क लाडू सांगितला आहे. चारोळ्या, ज्येष्ठमध, साळीच्या लाह्या, मध आणि साखर यांचा. त्यातला मध मात्र आजचे डॉक्टर वर्ष भरेपर्यंत देऊ नका म्हणून बजावतात. मधातल्या एका जंतूची बीजे मोठ्यांच्या पोटात काही करू शकत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात मात्र विष तयार करतात. वाग्भटाला जंतू दिसत नव्हते, त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने चार ते सहा महिने अशी घोळाची मुदत सोडून २००१ साली ‘पूर्ण सहा महिने आईचेच दूध, त्यानंतर वरचे अन्न’ असे सांगितले, तेव्हा ती जवळपास सुश्रुताच्याच ओसरीवर येऊन बसली.

पण हे सारे तांदळाच्या देशाचे शास्त्र. आमच्याकडे तांदूळ पाहुण्यांसाठी आणि सणासाठी. बालाघाटाच्या माथ्यावर आणि पायथ्याशी जी काळी माती आहे, ती शाळूची. उष्टावणाच्या दिवशी खीर तांदळाची होते. दुसऱ्या दिवसापासून लेकराची गाठ भाकरीशी. म्हणजे काय, तर तव्यावरून उतरलेल्या भाकरीचा पापुद्रा काढायचा, आतला मऊ भाग दुधात किंवा वरणाच्या निवळीत कुस्करायचा आणि बोटाने टाळूला लावायचा. पावसाळी दिवस असले तर ज्वारीच्या कण्या ताकात शिजवायच्या. हुलग्याचे माडगे पातळ करून त्यातले दोन घोट द्यायचे. चमचा फार पुढचा. त्याआधी बोट होते, आणि दूध पाजायला चोच असलेले बोंडले होते.

लेकरू तोंड का मिटते, याबद्दल आमच्या म्हाताऱ्यांची दोन मते होती. एक दृष्टीचे, त्यावर मीठ-मोहऱ्या. दुसरे शहाणपणाचे, ‘त्याची जीभ अजून दुधाची हाय, माय.’ हे दुसरे मत शास्त्रालाही मान्य आहे. तान्ह्या मुलाची जीभ स्तन चोखण्यासाठी घडलेली असते. काहीही घट्ट जिभेवर ठेवले की ती ते पुढे ढकलून देते, आणि ही ढकलण्याची उपजत सवय चौथ्या ते सहाव्या महिन्यांत हळूहळू मावळते. ज्याला आपण हट्ट म्हणतो तो जीव वाचवण्याचा बंदोबस्त आहे, नाही तर मूल वाटेल ते गिळेल आणि घशात अडकवून घेईल. त्यानंतरही नव्या चवीची ओळख पटायला वेळ लागतो. तीच भाजी आठ-दहा वेळा पुढे यावी लागते, तेव्हा कुठे ती तोंडात टिकते. आपल्या आया दुसऱ्याच दिवशी ‘ह्याला गाजर आवडत नाही’ असा निकाल देऊन मोकळ्या होतात. हा निकाल जरा घाईचा आहे.

अडचण चवीपेक्षाही घट्टपणाची असते. पिठाची पेज शिजली की फुगते. पातळ ठेवावी तर तिच्यात सत्त्व नाही, घट्ट करावी तर लेकराला गिळवत नाही. हे कोडे कोकणातल्या आणि कोल्हापूरकडच्या बायकांनी कधीच सोडवले होते. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, दळायची, तेच नाचणीसत्त्व. मोड येताना धान्यात असा एक पाचक रस तयार होतो की तो पिठाचा चिकटपणा मोडतो. मग तेवढ्याच पिठाची पेज पातळ होते आणि लेकराच्या इवल्या पोटात जास्त धान्य जाते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी १९८० नंतरच्या वर्षांत याच गोष्टीवर प्रयोग केले आणि मोडाचे चिमूटभर पीठ घट्ट पेजेला कसे पातळ करते ते दाखवून दिले.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. आईचे दूध आहे की! पण पोटात असताना आईने दिलेले लोहाचे गाठोडे सहा महिन्यांच्या सुमारास रिते होते, आणि दुधात ते फार थोडे असते. घास उशिरा आला की मूल पांढुरके पडते, रेंगाळते. लवकर आला, घाणेरड्या पाण्यात कालवलेला आला, की हगवण लागते. या दोन दरडींच्या मधून जी अरुंद वाट जाते तिच्यात माणसाची किती लेकरे पडली, याचा पुरावा जमिनीखाली आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८२ या काळात डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी तिथे खणले. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकऱ्यांचे गाव निघाले, आणि घरांच्या जमिनीखाली तान्ह्या मुलांची दफने निघाली. दोन मातीचे रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि आत लेकरू. मोठ्यांना रांजण क्वचितच मिळे. लेकरांना मिळे, आणि तेही घरातच, चुलीपासून हाकेच्या अंतरावर. पुरातत्त्वाचे पंडित त्याचे अनेक अर्थ लावतात. मला तर त्यात आईचाच हात दिसतो.

आमच्या जिल्ह्यात तेर आहे, जुने तगर. पेरिप्लस लिहिणाऱ्या ग्रीक व्यापाऱ्याला ते ठाऊक होते. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाच्या तिथल्या संग्रहालयात सातवाहनकाळची मातीची खेळणी-बाहुल्या पाहायला मिळतात. त्याच तेरला गोरोबाकाका झाले. चिखल तुडवता तुडवता विठ्ठलाच्या नामात देहभान हरपले आणि रांगते लेकरू पायाखाली आले, ही कथा आपल्याकडे कोणाला सांगावी लागत नाही. कीर्तनात सारे लक्ष गोरोबांच्या भक्तीकडे असते. मला मात्र दर वेळी त्या कथेतले दुसरे एक वाक्य टोचते. आई पाणी आणायला गेली होती.

आई कामाला जाते, आणि लेकराचा घास तिथेच अडतो. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका मूल दिवसभर झोपून राहावे म्हणून त्याला अफूची गोळी देत. १९३१ साली निघालेल्या कामगार आयोगाच्या अहवालात याचा उल्लेख आहे. झोपलेल्या लेकराला भूकही लागत नाही आणि ते तोंडही मिटत नाही. साधारण त्याच सुमारास, १९३३ साली, आफ्रिकेच्या गोल्ड कोस्टवर सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टरीणबाईंनी सुजलेल्या, केस तांबूस झालेल्या मुलांचा एक रोग वर्णन केला. पुढे त्याला त्यांनी तिथल्याच लोकांच्या भाषेतले नाव दिले, क्वाशिओरकॉर. त्याचा मतलब, धाकटे आले म्हणून मांडीवरून उतरवलेल्या मुलाचा रोग. अंगावरचे दूध गेले आणि ताटात नुसता स्टार्च आला. आपल्याकडे असे मूल ‘सुकत चालले’ म्हणत, त्याला अंगारा लावीत.

डब्यातल्या अन्नाची कहाणी वेगळीच आहे. १८६७ साली स्वित्झर्लंडमध्ये हेन्री नेस्लेने दूध, गव्हाचे पीठ आणि साखर यांची भुकटी काढली आणि ती जगभर गेली. आपल्याकडे म्हशीच्या दुधापासून लहान मुलांची भुकटी होईल हे मैसूरच्या संशोधकांनी दाखवले, आणि १९६० च्या सुमारास आणंदचा अमूलचा डबा बाजारात आला. गुटगुटीत बाळाचे चित्र असलेला डबा फळीवर असणे ही प्रतिष्ठा झाली. पुढे १९९२ साली कायदा करून या डब्यांच्या जाहिराती थांबवाव्या लागल्या. त्याच्या आधीच, १९२६ पासून, अमेरिकेत क्लारा डेव्हिस या बाईंनी उलटी वाट धरून पाहिली होती. नुकती दूध सोडणारी पंधरा मुले. समोर साधी, बिनमसाल्याची तीसेक अन्ने मांडून ठेवायची आणि दाईने गप्प बसायचे. मूल बोट दाखवील तेच द्यायचे. एकाने अंडीच अंडी खाल्ली, दुसऱ्याने केळी. मुडदूस असलेल्या एका मुलाने कॉड माशाचे तेल बरे होईपर्यंत आपणहून घेतले आणि मग सोडून दिले. सगळी मुले धडधाकट वाढली. बाईंनी स्वतःच सांगून ठेवले की खुबी मुलांच्या निवडीत नव्हती, समोर काय मांडले त्यात होती.

आमच्याकडे समोर काय मांडायचे, हा प्रश्न १९७२ च्या दुष्काळात विचारायचीही सोय नव्हती. उस्मानाबाद जिल्हा होरपळून निघाला. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती. परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिलो, घरोघर दळली गेली. कामावर सुकडी वाटत. आयांनी ती पाण्यात कालवून लेकरांच्या टाळूला लावली. त्या वर्षी उष्टावण झालेल्या मंडळींना आमच्या गावात अजून ‘सुकडीचे’ म्हणतात. ती आज पन्नाशी ओलांडलेली माणसे आहेत. १९७५ च्या २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकासाची योजना आली, अंगणवाड्या आल्या. २०२० च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात हजार जन्मांमागे वर्षाच्या आत जाणारी मुले सोळावर आलेली दिसतात.

कळंब, वाशी, भूम या भागांतले कोयते मात्र अजून दिवाळी झाली की हलतात. ट्रकमध्ये संसार भरतात. पातेली, कोंबड्या, म्हातारी आणि लेकरू. पुढले पाच-सहा महिने उसाच्या फडाकडेच्या कोपीत. पहाटे तीनला उठून आई मोळ्या बांधायला गेली की त्या कोपीत आठ वर्षांची बहीण तान्ह्याला सांभाळते, आणि ऊस चोखता चोखता त्याचा रस त्याच्या ओठांवर पिळते. म्हणून आमच्याकडे पुष्कळ घरांत सम-विषम महिने कोणी मोजत नाही. लेकरू पाच महिन्यांचे असो की सातचे, मामा भाऊबीजेला येतो तेव्हाच त्याला पाटावर बसवतात. बाहेर मुकादमाचा ट्रक घरघरत असतो. मामा चांदीची नव्हे, स्टीलची वाटी धरतो; लेकरू तोंड फिरवते. आजी म्हणते, ‘घाई नगं करू रं, बाबा. त्येला वास घेऊ दे आधी.’