मळखेडच्या राज्यातला गणिती आणि आमची भिंत

गेल्या वर्षी चातुर्मासाच्या आधी आमच्या मंदिराच्या सभागृहाची रस्त्याकडची भिंत रंगवायची ठरली. गुलबर्ग्यात असल्या भिंतीवर एरवी पानाच्या पिचकाऱ्या आणि कोचिंग क्लासच्या जाहिराती असतात. काहीतरी चांगलं काढू या, असं बायकांच्या मंडळाने सुचवलं. मी म्हटलं, "महावीराचार्यांचं चित्र काढू या." एक काकी लगेच म्हणाल्या, "अगं, भगवान तर आत बसलेच आहेत, बाहेर परत कशाला?"

काकींचा दोष नाही. नावामुळे आपली गल्लत होते. हे महावीराचार्य म्हणजे तीर्थंकर नव्हेत. हे इसवी सन 850 च्या सुमाराचे गणिती. त्यांच्या 'गणितसारसंग्रह' या संस्कृत ग्रंथाच्या आरंभी अमोघवर्ष नृपतुंग राजाची स्तुती आहे. राष्ट्रकूटांचा हा राजा 814 ते 878 असा दीर्घकाळ गादीवर होता, आणि त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे सेडम तालुक्यातलं आपलं मळखेड. कागिणा नदी, पडका किल्ला आणि नेमिनाथ बसदी आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. बसदीतल्या पंचधातूच्या मूर्तीपुढे हात जोडून आपण गाडीत बसतो. या राजाच्या काळी इथे हिशेबाचं एवढं मोठं शास्त्र लिहिलं गेलं, हे परतताना कोणाच्या बोलण्यात येत नाही.

माझी स्वतःची गोष्ट सांगते. दहावीला गणितात मला बरे मार्क होते. पण मुलीला गणित घेऊन काय करायचंय, घरचा हिशेब आला की झालं, असं घरात ठरलं आणि मी आर्ट्सला गेले. म्हणून 'गणितसारसंग्रह' पहिल्यांदा हातात आला तेव्हा मी आरंभीचा तो भाग दोनदा वाचला. गणित कुठे कुठे लागतं याची यादी त्यात आहे. त्यात अर्थशास्त्र, संगीत, नाटक, वैद्यक, वास्तुविद्या आहे आणि स्वयंपाकही आहे! साडेअकराशे वर्षांपूर्वीच्या पंडिताने स्वयंपाकाला संगीत आणि वैद्यकाच्या रांगेत बसवलं होतं. 'घरचा हिशेब' एवढा लहान नव्हता तर.

उदाहरणंही तशीच घरातली. एक घ्या. नवराबायकोच्या लटक्या भांडणात मोत्यांचा हार तुटतो. तिसरा हिस्सा एकीकडे जातो, सहावा अंथरुणावर पडतो. उरलेल्याचे निम्मे, मग त्याच्या उरलेल्याचे निम्मे, असे सहा वेळा मोती विखुरतात आणि शेवटी 1161 शिल्लक राहतात. तर हारात एकूण मोती किती? उत्तर 1,48,608. कोण घालणार एवढा हार, ते सोडा. पण उलटं दुप्पट करत गेलात तर भाजी चिरता चिरताही गणित सुटतं. मी सोडवून पाहिलंय.

हा ग्रंथ आपल्यापर्यंत आला तोही पुष्कळांच्या कष्टाने. 1912 साली मद्रासला रंगाचार्यांनी तो इंग्रजी भाषांतरासह छापला. 1963 साली आपल्या सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह काढला. आदर म्हणजे डोळे मिटून मान डोलावणं नव्हे, हेही तो वाचताना कळतं. संख्येला शून्याने भागलं तर ती तशीच राहते, असं महावीराचार्य सांगतात. ते चुकीचं आहे. तीनशे वर्षांनी भास्कराचार्यांनी अशा राशीला 'खहर' म्हटलं आणि तिची तुलना अनंताशी केली. शास्त्र असंच पुढे जातं.

भास्कराचार्यांचं नाव निघालं की मला माझं माहेर आठवतं. मी चाळीसगावची. शाळेची सहल पाटणदेवीला जायची. डोंगर, धबधबा, देवीचं दर्शन, डबा खाऊन परत. भास्कराचार्यांचा आणि शिलालेखाचा पत्ताच नव्हता. तिथल्या देवळातला एक लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. शके 1128 चा, म्हणजे भास्कराचार्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' लिहिल्यावर साठेक वर्षांनी कोरलेला. त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने मठ काढला आणि तिथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं.

लेखाचा बराचसा भाग संस्कृत आहे, पण शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत. मला त्याच जास्त आवडतात, कारण त्यात बाजार आहे. गावात माल विकला जाईल त्यावरचा राजाचा हिस्सा मठाला. तेलाच्या घाण्यांमागे पळीपळी तेल मठाला. मापायचं ते मठाच्या मापाने. विद्वानांसाठी संस्कृत आणि तेल्याला, वाण्याला कळावं म्हणून मराठी! भास्कराचार्य दिसायला कसे होते, याबद्दल त्या दगडात एक अक्षर नाही. त्यांच्या घराण्याची विद्या, त्यांचे ग्रंथ आणि ते शिकवण्याचा खर्च कुठून यायचा, एवढं मात्र चोख कोरलं आहे. चौकात उभ्या केलेल्या पुतळ्याला आपण वर्षातून एकदा हार घालतो. त्या दगडाने गावाला पळीपळीने तेल द्यायला लावलं.

आता परत भिंतीकडे. पेंटर आला आणि त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "फोटो कोडि, अम्मा." फोटो कुठून देणार? महावीराचार्यांनी स्वतःबद्दल काहीच सांगून ठेवलेलं नाही. कोणी म्हणालं, दाढी काढा. कोणी म्हणालं, पिंछी-कमंडलू द्या. ते मुनी होते की गृहस्थ, हेच नक्की नसताना आपण पिंछी कशी देणार? दोन बैठका यातच गेल्या. शेवटी मी पाटणच्या दगडाची हकीकत सांगितली आणि म्हटलं, "चेहरा नकोच. त्यांचं काम काढू या."

त्यांच्या ग्रंथात काही गुणाकार असे आहेत की उत्तर दागिन्यासारखं दिसतं. 142857143 ला 7 ने गुणा. येतात 1000000001. दोन्ही टोकांना एक आणि मध्ये आठ शून्यं. याला त्यांनी कंठातल्या दागिन्याची उपमा दिली आहे. दुसरा गुणाकार 12345679 गुणिले 9. उत्तरात एकाला एक लागून नऊ एक!

पेंटरने भिंतभर तुटलेला हार काढला, मोती पार गटाराच्या कडेपर्यंत विखुरलेले. वर कोडं लिहिलं, मराठीत आणि कन्नडमध्ये. खाली दोन्ही गुणाकार, पण उत्तराची जागा रिकामी. कोपऱ्यात लहान अक्षरात: महावीराचार्य, 'गणितसारसंग्रह', अमोघवर्षाचा काळ. मंडळाच्या भिशीतून दरमहा थोडी रक्कम बाजूला काढायची आणि त्यातून मुलींना गणिताची शिकवणी लावायची, असंही ठरलं. ती आमची पळी.

परवा संध्याकाळी दर्शनाहून येताना पाहिलं. समोरच्या झेरॉक्सवाल्याची मुलगी खडूने त्या रिकाम्या जागेत आकडे लिहीत होती. सहा एक लिहून झाले होते. काकी तिच्या शेजारी पिशवी धरून उभ्या होत्या आणि म्हणत होत्या, "घाई नको गं, हातचा धर नीट."